नळीखालचे नाव

भाषेच्या तत्त्वज्ञानावर व्याख्यान द्यायचे म्हणून आम्ही दोघे लुडविग व्हिटगेन्स्टाइनचे चरित्र धुंडाळत होतो आणि जाऊन पोहोचलो जुन्या जर्मन शिकारी बंदुकांपाशी. बंदुकीतले आम्हाला काही कळत नाही. आमची शिकार फार तर मुद्रणदोषांची.

थुरिंगियातील झूल हे बंदूककारांचे गाव (बैलाच्या झुलीशी त्याचा संबंध नाही). झाउअर ही पेढी १७५१ मध्ये तिथेच सुरू झाली. तिथल्या दुनळी वा तीननळी बंदुकीच्या वरच्या पट्टीवर बहुधा कर्त्याचे, कधी नुसत्या विक्रेत्याचेच नाव असते. नळ्या उतरवून पालथ्या केल्या की मात्र निराळाच मजकूर दिसतो. १८९१ च्या कायद्याने सक्तीच्या झालेल्या चाचणीच्या मुद्रा तिथे असतात; मुकुटाखाली ‘डब्ल्यू’ असेल तर नळी तोंडाशी आवळलेली आहे असे समजायचे. आणि तिथेच असते पोलादाचे नाव : एसेनचे क्रुप, ऑस्ट्रियातील ब्योलर, काहींवर पोल्डी.

पोल्डीपाशी आम्ही थबकलो. बोहेमियातील क्लाद्नो येथे कार्ल व्हिटगेन्स्टाइन यांनी १८८९ मध्ये काढलेला हा कारखाना. नाव दिले पत्नी लेओपोल्डीनचे, तेही घरगुती रूपात. एका स्त्रीचा चेहरा ही त्याची मुद्रा. लुडविग जन्मला तोही त्याच वर्षी. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात शोधावा, हे ज्याच्याकडून आम्ही शिकलो, त्याच्या आईचे लाडके नाव बंदुकीच्या नळीवर ‘पोलाद भरवशाचे आहे’ एवढ्याच अर्थाने वापरले जात होते!

पोलादात कमावलेल्या या घराण्याच्या संपत्तीतला आपला वारसा हाती आल्यावर १९१४ मध्ये लुडविगने एक लाख क्राउन कलावंतांसाठी दिले. रिल्के आणि ट्राकल यांच्या वाट्याला वीस-वीस हजार आले. ट्राकल त्याच नोव्हेंबरमध्ये क्राकाऊच्या लष्करी रुग्णालयात मरण पावला.

रिल्के आम्ही कितीतरी वर्षे शिकवीत आहोत. कवीच्या पोटापाण्याची सोय कोण करीत होते, असा प्रश्न निघाला की ‘कलाबाह्य’ म्हणून तो बाजूला सारीत आलो. आमच्यापैकी एकाने तर या प्रश्नावरच आख्खा निबंध लिहिणाऱ्या मुलीचे गुण कापले होते. पोलादाच्या पैशाने कविता बाटते, असे आम्ही आजही म्हणणार नाही. पण तिने निदान नळी पालथी करून पाहिली होती. आम्ही पट्टीवरचे नाव वाचून बंदूक खाली ठेवली.

तिचा निबंध पुन्हा वाचावासा वाटतो. उत्तरपत्रिका रद्दीत गेल्याला बरीच वर्षे झाली.