अनुल्लेख आणि अभाव

'सार्वजनिक किल्ली' हा शब्दप्रयोग आम्हांला पहिल्यापासून खटकत आला आहे. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली मांडलेल्या या कल्पनेत किल्ल्यांची जोडी असते: एक खाजगी, कोणालाही न द्यायची, दुसरी सार्वजनिक, कोणीही पाहावी अशी. पण जी चारचौघांत वाटायची, ती किल्ली कसली? व्यवहारात ती कुलपासारखी वागते. आपले कुलूप दुसऱ्याच्या दाराला लावावे आणि ते उघडणारी वस्तू खिशात ठेवावी, असा हा प्रकार. रूपक उलटे पडले, तरी रूढ झाले. भाषेत असे होतेच.

आम्ही काही समानशील मंडळी जुन्या मराठी नियतकालिकांच्या चित्रप्रती नऊ सर्व्हरांवर सांभाळतो. ज्यांना आत येण्याची मुभा आहे, त्यांच्या सार्वजनिक किल्ल्या प्रत्येक सर्व्हरवरील एका फाइलीत असतात. एका ओळीत एक, शेवटी बहुधा धन्याचे नाव. नऊ ठिकाणी हाताने लिहिण्याऐवजी हे काम आम्ही ॲन्सिबल या साधनावर सोपवले आहे. ते २०१२ साली आले, पण त्याचे नाव कादंबरीतले: अर्सुला ले ग्विन यांनी 'रोकॅनन्स वर्ल्ड' (१९६६) मध्ये ताऱ्याताऱ्यांमधले अंतर क्षणात ओलांडून निरोप पोचवणाऱ्या यंत्रासाठी हा शब्द घडवला.

किल्ल्यांच्या बाबतीत या साधनाला कृती सांगायची नसते, स्थिती सांगायची असते. 'अमुक किल्ली असावी' एवढे लिहिले की नसल्यास ते ती लावते, असल्यास स्वस्थ बसते. दहा वेळा चालवा, फल तेच.

गेल्या वर्षी आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी वारले. त्यांची किल्ली नऊही दारांवर होती. तिची खाजगी जोडीदारीण त्यांच्या लॅपटॉपमध्ये, आणि तो आता दुसऱ्या हाती जाणार होता. किल्ली काढणे भागच होते. वरवर पाहता यादीतून त्यांची ओळ खोडली की काम संपावे. तसे होत नाही. ओळ खोडली की साधन त्या किल्लीविषयी फक्त मौन पाळते. सर्व्हरवर ती जशीच्या तशी राहते. ती जावी असे वाटत असेल, तर ओळ कायम ठेवून तिच्यापुढे लिहावे लागते: 'अनुपस्थित'.

वैशेषिक परंपरेने पुढे अभावालाही पदार्थ मानले, सातवा. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, नाशानंतरचा तो प्रध्वंसाभाव. शिवाय अभाव नेहमी कशाचा तरी असतो. तो ज्याचा, त्याला प्रतियोगी म्हणतात, आणि प्रतियोगी ठाऊक नसेल तर अभावही कळत नाही. ॲन्सिबलचे म्हणणे हेच. 'अनुपस्थित' लिहितानाही किल्ली अक्षरन् अक्षर पुरी द्यावी लागते. नाहीसे करायचे त्याचे नाव घेतल्यावाचून सुटका नाही.

यादीबाहेरचे सारे सरसकट पुसण्याची सोयही या साधनात आहे. ती आम्ही टाळली. तिच्यात मौनालाच नकार मानले जाते. माणूस गळतो आणि त्याला गाळल्याची जबाबदारी कोणाच्याच हातावर उरत नाही. वाङ्मयेतिहासांत हे आपण पुष्कळ पाहिले आहे.

तेव्हा ती ओळ आमच्यापैकी एकाने बसून लिहिली. काम झाल्यावरही ती काढलेली नाही, कारण एखादा सर्व्हर जुन्या बॅकअपवरून पुन्हा उभा करावा लागला तर ती किल्लीही परत येईल. नव्याने येणारे विद्यार्थी यादी वाचताना तिथे थांबतात आणि हे कोण, म्हणून विचारतात. आम्ही सांगतो.