मोटारीखालचा जॅक

१८८८ साली डनलॉप या पशुवैद्याने हवेच्या टायराचे पेटंट घेतले, आणि पंक्चर मानवजातीच्या नशिबी आले. कासारवाडीच्या नाशिक फाट्याजवळ त्याचे प्रत्यंतर आम्हांस वारंवार येते. परवा एक शाळकरी मुलगा घरंगळलेला नट काढण्यासाठी जॅकवर तोललेल्या मोटारीखाली हात घालीत होता. “बाळ, हात काढ!” असे आम्ही ओरडलो, तेव्हा त्याचे वडील हसले. हसण्याजोगे त्यांत काय होते, कोण जाणे! जॅक उचलण्यापुरता असतो, आधारासाठी नव्हे. हजार किलोची मोटार तीन चाकांवर व एका बारीक लोखंडावर उभी. शेजारून मालट्रक गेला तरी ती डोलते. अखेर त्यांनी नट काठीने ओढून घेतला.

विद्यार्थ्यांनो, मोटार रस्त्यापासून दूर, सपाट व टणक जागी घ्यावी. पावसाळ्यात जॅकखाली फळी ठेवावी. हातब्रेक ओढून तिरकस समोरच्या चाकास दगड लावावा. नट मात्र चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत, कारण उचललेल्या मोटारीवर पान्याचा जोर पडला की ती घसरते. स्टेपनी चढेपर्यंत मोटारीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवावी. मग काढलेले चाक तिच्या जागी. नटांची शेवटची आवळणी मोटार खाली उतरवल्यावर, समोरासमोरच्या जोड्यांनी करावी.