वाईट दिवसाचं अंदाजपत्रक

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचं नेटवर्क सांभाळतो. वर्ग, प्रयोगशाळा, कार्यालय आणि वसतिगृहं या सगळ्यांची बाहेर जाणारी वाट एकच, १ जीबीपीएसची लिंक. तिच्यावरच्या रहदारीची नोंद ठेवणारा सर्व्हर घ्यायचं ठरलं, तेव्हा खरेदी समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "लिंक एक जीबीपीएसची आहे, त्या हिशेबाने डिस्क केवढी लागेल ते लिहून द्या." पुरवठादारानेही त्याच आकड्यावरून कोटेशन दिलं होतं.

अडचण अशी, की त्या एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. आधी ठरवायचं ते नोंद कशाची ठेवायची हे. प्रत्येक पॅकेट जसंच्या तसं साठवायचं म्हटलं, तर पूर्ण भरलेली १ जीबीपीएसची लिंक सेकंदाला १२५ एमबी देते. म्हणजे दिवसाला १०.८ टीबी, तेही एकाच दिशेचे. पैशांचा प्रश्न तर आहेच. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: वसतिगृहातल्या मुलामुलींच्या खासगी व्यवहारांच्या प्रती कॉलेजच्या डिस्कवर असूच नयेत.

म्हणून नेटफ्लो. यात राउटर प्रत्येक संभाषणाची, दर दिशेला एक, अशी ओळ लिहून पाठवतो: कुठल्या पत्त्यावरून कुठे, कोणतं पोर्ट, किती पॅकेट, किती बाइट, सुरू कधी, संपलं कधी. फोनच्या बिलावर कॉलची ओळ असते तशी. बोलणं काय झालं, ते तिच्यात नसतं. पाचव्या आवृत्तीत ही नोंद ४८ बाइटची असते, पण तिच्यात आयपीव्ही६चे पत्ते बसत नाहीत. म्हणून आम्ही नववी आवृत्ती घेतली. तिच्यात नोंदीचा आकार आपण निवडलेल्या रकान्यांवर अवलंबून असतो. मी हिशेबाला १०० बाइट धरले.

उरला प्रश्न सेकंदाला अशा ओळी किती, याचा. ते कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही, मोजावंच लागतं. प्रयोगशाळेतल्या एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं, नेटफ्लोच्या नोंदी गोळा करणारं एनएफडम्प बसवलं आणि राउटरच्या नोंदी तिकडे वळवल्या. मुद्दाम सबमिशनच्या धामधुमीत, कारण सुट्टीतल्या मोजणीला काही अर्थ नसतो.

दोन आलेख शेजारी शेजारी लावले, एक एमबीपीएसचा आणि एक फ्लोंचा, म्हणजे अशा ओळींचा. त्यांची शिखरं वेगवेगळ्या वेळी येत होती. रात्री जेवणं उरकली की व्हिडिओ सुरू होतात आणि एमबीपीएस वर जातात. पण व्हिडिओ म्हणजे मोजकेच दांडगे फ्लो. दुपारी प्रयोगशाळा भरल्या की उलट. प्रत्येक संगणकावर डझनभर टॅब, प्रत्येक टॅबमागे डीएनएसच्या चौकशा आणि त्या प्रत्येकीची जाताना एक ओळ, येताना एक. लिंक अर्धी रिकामी, पण नोंदींचा पाऊस.

आणि मग त्याच आठवड्यात एका रात्री एका संगणकातल्या मालवेअरने बाहेरचे पत्ते चाचपायला सुरुवात केली. प्रत्येक पत्त्याला एकच छोटं पॅकेट, म्हणजे प्रत्येक पॅकेटचा स्वतंत्र फ्लो. अशी २०,००० पॅकेटं सेकंदाला गेली, तरी तारेवर ती जेमतेम १३ एमबीपीएस भरतात. लिंकच्या आलेखावर ते दिसतसुद्धा नाही. फ्लोंचा आलेख मात्र थेट उभा चढला होता.

मी एनएफडम्पमधल्या एनएफकॅपडीचा, म्हणजे नोंदी टिपून घेणाऱ्या प्रोग्रॅमचा, लॉग पाहत होतो. तिथे दर पाच मिनिटांनी एक ओळ उमटते आणि तिच्यात 'सीक्वेन्स एरर्स' असा रकाना असतो. एरवी तिथे शून्य असतं. त्या रात्री शून्य नव्हतं. नोंदी यूडीपीने येतात, हरवलेलं पॅकेट राउटर पुन्हा पाठवत नाही. फक्त क्रमांकात खंड पडतो, त्यावरून हरवल्याचं कळतं. डेस्कटॉपचा प्रोसेसर निवांत होता, डिस्क रिकामी होती. कर्नलचा यूडीपी बफर तेवढा भरून वाहत होता. म्हणजे ज्या मिनिटांच्या नोंदींसाठी हा सगळा खटाटोप, त्याच मिनिटांच्या नोंदी गळत होत्या.

समितीपुढे मी दोन वेगळे हिशेब ठेवले ते यामुळेच. डिस्कचा हिशेब सरासरीवर. आमची दिवसभराची सरासरी सेकंदाला हजार फ्लोंच्या आसपास होती, म्हणजे १०० केबी सेकंदाला, दिवसाला ८.६४ जीबी. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे, आम्हीही तीच मुदत धरली. होतात साधारण १.५५ टीबी. एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या ४ टीबीच्या दोन डिस्क पुरेशा.

प्रोसेसर, मेमरी आणि बफर यांचा हिशेब मात्र सर्वांत वाईट मिनिटावर. अगदी टोकाला जायचं तर ६४ बाइटच्या फ्रेमनी १ जीबीपीएस भरली, की सेकंदाला १४.८८ लाख पॅकेटं होतात. तेवढी तयारी आमच्या ऐपतीबाहेरची, आणि त्याआधी राउटरचाच फ्लो कॅश, म्हणजे चालू फ्लो लक्षात ठेवायची त्याची जागा, भरेल. मी मोजलेल्या वाईट मिनिटाच्या तिप्पट आकडा धरला.

पुरवठादाराने सॅम्पलिंग सुचवलं: हजारातलं एकच पॅकेट पाहायचं, म्हणजे छोटा सर्व्हरही चालेल. बँडविड्थ कोण खातं एवढंच पाहायचं असेल तर ते उत्तम चालतं. पण प्रत्येक पत्त्याला एकच पॅकेट पाठवणाऱ्या संगणकाचा माग त्यात जवळजवळ पुसला जातो. मी ठाम नकार दिला. अध्यक्षांनी विचारलं, "मग खर्च वाढेल ना?" वाढला नाही. पुरवठादाराने डिस्क भरमसाट लावल्या होत्या आणि रॅम तुटपुंजी. डिस्क कमी केल्या, त्या पैशात रॅम वाढवली आणि ताज्या महिन्याच्या नोंदींवर शोध पटकन चालावा म्हणून एक एसएसडी बसवली.

मंजुरीच्या टिपणीत मी एक कलम घालून घेतलं: दरवर्षी नवे प्रवेश पूर्ण झाले की मोजणी पुन्हा करायची. यंदा केली. लिंक तेवढीच आहे, फ्लोंची सरासरी मात्र चढली आहे. बफर वाढवून ठेवला आहे आणि डिस्क १८० दिवसांना अजून पुरते.