मुनीमकाकांचं साडेबारा

रात्रीचे अकरा. जळगावात अजून उकडतंय. केळीच्या हिशोबाचा प्रोग्राम पायथनमध्ये लिहितोय. वजनाच्या रकान्यात मुनीमकाका काहीही भरतात: कधी १२.५, कधी अक्षरात 'साडेबारा'. बाहेर मात्र मला डेसिमलच हवं. म्हणजे किंमत भरून घेणारा सेटर दोन प्रकार घेणार, ती बाहेर देणारा गेटर एकच देणार. धुळ्याच्या मावशीला सांगितलं, तर म्हणाली, "गिरणीत दादर टाक, उडीद टाक, खाली कळण्याचं पीठच ना?"

मावशीला कळलं, पण पायथनमधले प्रकार तपासणारा मायपाय वर्षानुवर्षं अडून होता. गेटरचा जो प्रकार तोच सेटरचा, असं धरून चूक दाखवायचा. मग ती चूक दडपायला जिथे तिथे 'टाइप: इग्नोर' चिकटवा. टाइपस्क्रिप्ट भाषेने २०२१ मध्येच ४.३ आवृत्तीत सूट दिली होती, पण गेटरचा प्रकार सेटरच्या प्रकारात बसला पाहिजे या अटीवर, ५.१ने २०२३ मध्ये तीही काढली, फक्त दोन्ही प्रकार स्पष्ट लिहायचे. मायपायची १.१६ आवृत्ती येईस्तोवर २०२५ उजाडलं.

आज ती आवृत्ती टाकली आणि इग्नोर खोडत सुटलो. एक चूक उरलीच. रकाना रिकामा असला की माझा गेटर डेसिमलऐवजी 'नन', म्हणजे काहीच नाही, परत देत होता. इतके दिवस इग्नोरखाली झाकलेलं! काकांना उगाच बोललो.