कासव ऑफलाईन आहे

खूप दिवसांनी लिहितोय. मधले तीन वीकेंड रिलीजमध्ये गेले आणि चौथा झोपेत. असो.

आम्ही पडलो संभाजीनगरकर. आमचा समुद्र म्हणजे पैठणचं जायकवाडी. नाथसागराचा पलीकडचा काठ दिसेनासा झाला की लहानपणी आम्ही त्यालाच अरबी समुद्र म्हणायचो. त्यामुळे मार्च 2025 मध्ये ऑफिसातल्या दोघांनी "वेळासला कासवं बघायला येतोस का?" असं विचारलं, तेव्हा मी नकाशा न बघताच हो म्हणालो. नंतर बघितला. पुण्यापर्यंतचा रस्ता म्हणजे जेमतेम निम्मा, आणि पुढचा अर्धा घाटाचा!

वेळास मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या किल्ल्याजवळ. नाना फडणवीसांचं गाव. तिथे 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. रात्री मादी येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. कोल्हे-कुत्र्यांच्या आधी कासवमित्र ती अंडी उचलून कुंपणाच्या आत पुरतात. दीडदोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघतात, आणि आपण शहरातली पन्नास माणसं दोरीमागे मोबाईल धरून उभी.

पिल्लं तळहाताएवढीसुद्धा नसतात. पण मला लिहायचंय ते त्यांच्याबद्दल नाही, रात्रीच्या जेवणाबद्दल.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांनी तांदळाची भाकरी वाढता वाढता विचारलं, "तुम्ही काय करता?" मी सांगितलं, ट्रक-टेम्पोवर बसवायच्या जीपीएसचं सॉफ्टवेअर. गाडी कुठे आहे ते मालकाला मोबाईलवर दिसतं. काका थांबले. म्हणाले, "अहो मग बरं झालं. आमची प्रथमा आत्ता कुठाय ते सांगा की."

प्रथमा म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर सॅटेलाइट ट्रान्समीटर लावलेलं पहिलं ऑलिव्ह रिडले कासव. 25 जानेवारी 2022 ला, याच वेळासच्या किनाऱ्यावर. राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचं काम. प्रथमेनंतर आंजर्ल्याला सावनी आणि गुहागरला रेवा, लक्ष्मी, वनश्री. प्रथमा गुजरातकडे गेली, मग दक्षिणेला वळली. लक्ष्मीचे सिग्नल सगळ्यात आधी, काही आठवड्यांतच थांबले. मग एकेक करून सगळ्यांचे. 2023 मध्ये गुहागरहून बागेश्री आणि गुहा निघाल्या. त्यातली बागेश्री केरळ, कन्याकुमारी, श्रीलंका करत थेट बंगालच्या उपसागरात पोचली. तिचाही सिग्नल शेवटी गेला.

मी काकांना म्हणालो, "ती ऑफलाईन आहे." काका म्हणाले, "म्हणजे मेली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि हा प्रश्न मला आधी एकदा चांगलाच महागात पडलाय. 2022 च्या हिवाळ्यात एका रात्री माझी ड्यूटी होती. कन्नडच्या घाटात एक टेम्पो ऑफलाईन गेला. घाटात रेंज जातेच, म्हणून मी शेरा मारला 'नेटवर्क नाही' आणि तिकीट बंद केलं. टेम्पो खड्ड्यात कलंडला होता. ड्रायव्हर हात मोडून दोन तास तिथे बसला होता, मग मागून येणाऱ्या एका दूधवाल्याने त्याला बघितलं. माणूस वाचला. मला कोणी फार बोललंही नाही, चूक नियमात बसणारी होती. पण ती विसरलो नाहीये.

म्हणून घरी आल्यावर कासवाचा ट्रॅकर नेमका चालतो कसा ते वाचत बसलो. आमची गाडी दर दहा सेकंदांनी बोलते. कासवाला ती चैन नाही. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरातच विरतात, म्हणजे कासव बुडालं की संपर्क शून्य. ते श्वास घ्यायला वर आलं की पाठीवर एपॉक्सीने चिकटवलेली डबी जेमतेम सेकंदाचा एक संदेश फेकते. आता वर आलोय हे डबीला कसं कळतं? तिच्यावर दोन इलेक्ट्रोड असतात. खारं पाणी असेल तर त्यांच्यात वीज वाहते, तोवर गप्प बसायचं. वीज थांबली की बोलायचं. इतकं साधं, की बघून मला आमच्या कोडची लाज वाटली.

तो संदेश पकडायला त्याच वेळी वरून उपग्रह जात असावा लागतो. अर्गोस नावाची ही यंत्रणा 1978 पासून चालू आहे. फाटकाशी उभं असताना एक्सप्रेसच्या हॉर्नचा सूर ती जवळ येताना आणि लांब जाताना बदलतो ना, तसा संदेशाच्या फ्रिक्वेन्सीतला बदल मोजून जागा काढतात. एका फेरीत तीन-चार संदेश मिळाले तर जागा बरी निघते. एकच मिळाला तर अंदाज, तोही ढोबळ.

आता हे सगळं जमलं तरी डबीवर बार्नेकल चढतात. होडीच्या बुडाला चिकटतात ते टणक, चुन्यासारखे दिसणारे जीव. इलेक्ट्रोडवर बसले की डबीला वाटतं आपण अजून पाण्यातच आहोत, आणि ती कायमची गप्प. कासव मजेत पोहतंय, बॅटरीही आहे, पण सिग्नल नाही. किंवा अँटेना मोडली. किंवा कवचावरून डबीच सुटली. किंवा कासव ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून गुदमरलं. स्क्रीनवर चारही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. आणि आपल्याला खरी गरज असते ती शेवटची ओळखायची.

गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच अडचणींची उत्तरं समुद्राने आधीच काढून ठेवलीयत. शार्कच्या कातडीवर बार्नेकल सहसा टिकत नाहीत, कारण ती बारीक खाचांची असते. फ्लोरिडा विद्यापीठातल्या अँथनी ब्रेनन यांनी त्या नक्षीवरून शार्कलेट नावाचा पृष्ठभाग बनवला. पाण्याखाली रेडिओ चालत नाही तर आवाज चालतो. डॉल्फिन शिट्टी मारताना सूर सरकवत नेतात, त्यामुळे प्रतिध्वनींच्या गोंगाटातही ती ओळखू येते. बर्लिनच्या इव्होलॉजिक्स कंपनीने त्यावरून पाण्याखालचे मोडेम केले आणि 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाजवळच्या इशारा यंत्रणेत ते वापरले गेले. आणि खुद्द कासवाला तर जीपीएस लागतच नाही. लोहमान दांपत्याने अमेरिकेत लॉगरहेड कासवाची पिल्लं विजेच्या वेटोळ्यांनी वेढलेल्या टाकीत सोडली आणि आतलं चुंबकीय क्षेत्र बदललं. पिल्लांनी त्याप्रमाणे पोहायची दिशा बदलली. तळहाताएवढ्या जीवात होकायंत्र आणि नकाशा दोन्ही! माझा फोन क्रांती चौकात उड्डाणपुलावर आहे की खाली हे अजून ओळखत नाही :)

हे सगळं काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे प्रथमेचं तुम्हालाही ठाऊक नाही." मी म्हटलं, नाही.

मग महिन्याभराने त्यांचा व्हॉट्सअॅप आला, पेपरच्या बातमीचा फोटो. 27 जानेवारी 2025 ला गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पुढच्या पायाला धातूचा बिल्ला होता. क्रमांक 03233. तो मार्च 2021 मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने लावला होता. पूर्व किनारा ते पश्चिम किनारा, समुद्रमार्गे साडेतीन हजार किलोमीटर तरी. दोन्हीकडची कासवं वेगवेगळी असा समज होता, तो या एका बाईने हलवला. बॅटरी नाही, अँटेना नाही, उपग्रह नाही. चार वर्षं गप्प असलेला एक नंबर, आणि रात्री टॉर्च घेऊन किनाऱ्यावर फिरणारा कोणीतरी, ज्याने तो वाचला.

अर्थात बिल्ला मधल्या चार वर्षांबद्दल काहीच सांगत नाही, आणि बागेश्रीची डबी नसती तर श्रीलंकेचा रस्ता कळला नसता. शिवाय किनाऱ्यावर येते ती फक्त मादी. नर जन्मल्यावर एकदा पाण्यात गेला की सहसा परत येत नाही, त्याला डबी किंवा बिल्ला लावणं अवघड. त्यांच्याबद्दल बराचसा अंधारच.

ऑफिसात महिनाभर भांडून मी आमच्या डॅशबोर्डवर एक तिसरा रंग घालून घेतला. हिरवा चालू, लाल बंद, आणि करडा म्हणजे 'माहीत नाही, फोन करा'. मॅनेजर म्हणाले, कस्टमरला करडा आवडणार नाही. खरंच आवडला नाही. अजून तरी काढलेला नाही.

काकांना बातमीवर अंगठा पाठवला. त्यांचं लगेच उत्तर आलं, "प्रथमेलाही बिल्ला लावला होता का हो?"