पंचवीस सेकंदांचा भोवरा

भोवरा फिरवताना एक गंमत तुम्ही पाहिली असेलच. वेग आहे तोवर तो ताठ उभा! वेग कमी झाला की डुलायला लागतो आणि शेवटी धाडकन आडवा. हाच भोवरा वजनच नसलेल्या जागी सोडला तर?

अशा जागेसाठी चला अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या एलिंग्टन फील्ड विमानतळावर. १९९५ ते २०१४ या काळात नासा कॉलेजच्या मुलामुलींना त्यांच्या प्रयोगांसकट इथून विमानात नेत असे. विमानात खुर्च्या थोड्याच, बाकी सगळीकडे गाद्या. अगदी भिंतींनासुद्धा!

विमान मेक्सिकोच्या आखातावर पोचतं आणि नाक वर करून चढू लागतं. अंग जवळजवळ दुप्पट जड होतं. मग वैमानिक विमानाला वर फेकलेल्या चेंडूच्या वाटेने जाऊ देतो आणि काय आश्चर्य, सगळे तरंगू लागतात! पृथ्वीची ओढ संपली का? छे! ती आहेच. पण विमान, माणसं, वस्तू सारे एकत्रच पडताहेत, म्हणून कोणाचा भार कोणावर येत नाही. हे टिकतं जेमतेम २० ते २५ सेकंद. मग पुन्हा जड, पुन्हा तरंगणं, असं तीस-चाळीस वेळा. पोट ढवळून निघतं. म्हणून या विमानाचं टोपणनावच 'ओकारीचा धूमकेतू'!

इथे भोवरा डुलत नाही. जमिनीवर वजन त्याला खिळ्याभोवती कलंडवू पाहतं, म्हणून तो डुलतो. इथे कलंडवणारं कोणी नाही. त्याचा आस ज्या दिशेला, त्याच दिशेला राहतो. हवेमुळे वेग तेवढा हळूहळू कमी होतो.

मग तिथे फिरणारी प्रत्येक वस्तू अशी गुणी असते? नाही हं! १९५८ साली अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ बंदुकीच्या गोळीसारखा गरगरत सोडला होता. पण त्याच्या लवचीक अँटेना हलत राहिल्या, फिरण्यातली ऊर्जा खर्च झाली आणि तो चक्क कोलांट्या खाऊ लागला! तेव्हापासून उपग्रह बनवणारे याची काळजी घेतात.

तुम्हाला विमान नको. जाड पुस्तकाला रबर लावा, मुखपृष्ठ वर करून खालच्या कडेने धरा आणि कोलांटी खाईल असं उडवा. ते मध्येच पिळही घेईल! हातातून सुटल्यापासून झेलेपर्यंत तेही पडतच असतं. म्हणजे तुमच्या खोलीत अर्ध्या सेकंदाचं ह्यूस्टन! मात्र पुस्तक जुनं घ्या बरं का, नाहीतर आईचा ओरडा ठरलेला!