खाली दुकान, वर मकान



मागच्या महिन्यात एका रविवारी आम्ही सहकुटुंब लालबागला जाऊन आलो. लालबाग म्हणजे काही सहलीचे ठिकाण नव्हे. तिथे लेणी नाहीत, समुद्र नाही, थंड हवा तर मुळीच नाही. पण आमच्या आत्याबाई ज्या इमारतीत पन्नास वर्षांहून अधिक काळ राहिल्या ती इमारत आता रिकामी व्हायची आहे. त्यांनी निरोप धाडला, "एकदा येऊन बघून जा. पुढच्या वेळी याल तेव्हा इथे पत्रे लागलेले असतील." म्हणून आम्ही उभयता, मुलगा, सूनबाई आणि नात असे कल्याणहून गाडीत बसलो आणि परळला उतरलो.

डॉ. आंबेडकर रोडवर ही इमारत उभी आहे. १९६४ साली मुंबईची ट्राम बंद झाली. शेवटची ट्राम बोरीबंदर ते दादर धावली, ती बघायला लोक रात्री रस्त्याच्या कडेला उभे होते असे आत्याबाई सांगतात. आज त्याच रस्त्यावर डोक्यावरून पूल जातो आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहिले की मोटारी जवळजवळ डोळ्यांसमोरून पळतात. इमारत चार मजल्यांची. लाकडी जिना, लांब गॅलरी, टोकाला सामाईक संडास आणि तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून पाच गाळे. गिरणगावात अशा इमारतींना 'खाली दुकान, वर मकान' म्हणत. वरच्या माणसाने पगार आणायचा आणि खालच्या दुकानात नेऊन द्यायचा, असा तो संसार.

आमचे आजोबा सातारा जिल्ह्यातून गिरणीत आले. त्या काळी विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याचा इतरांना विटाळ होई! विणकामात पगार चांगला, म्हणून तेच दार बंद. आजोबा सूतकताईत राहिले आणि नायगावच्या बीडीडी चाळीत बिऱ्हाड केले. खासगी मालकाच्या इमारतीत आपल्या माणसाला सहसा खोली मिळत नसे. आत्याबाईंचे यजमान, आमचे आतोबा, यांनी १९७१ साली पागडी देऊन लालबागची ही खोली घेतली तेव्हा साऱ्या भावकीत त्याची चर्चा झाली होती.

त्या वेळचे पाच गाळे आत्याबाईंना आजही तोंडपाठ आहेत. कोपऱ्यावर इराण्याचे हॉटेल. त्याला लागून कच्छी शेठचे किराणा दुकान. मग पिठाची गिरणी. चौथी कोळशाची वखार. शेवटी रेशनचे दुकान.

कोपऱ्याची जागा इतर व्यापारी शुभ मानीत नसत म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे मुंबईत सांगतात. खरे कारण काही असो, आतोबांना ते हॉटेल फार प्रिय होते. गावाकडे चहाच्या टपरीवर आपल्यासाठी वेगळी कपबशी असे आणि ती आपणच धुवून ठेवायची. इथे मात्र संगमरवरी टेबलावर कुणीही बसावे, कप सगळ्यांना सारखाच. "चहा पाणचट असायचा, पण बसायला इज्जत होती," असे आतोबा म्हणत. इराण्याची मुले धंद्यात उतरली नाहीत. हॉटेल गेले, तिथे तयार कपड्यांचा सेल लागला, मग मोबाईलचे दुकान आले आणि आज औषधांचे आहे.

किराणा दुकान तेवढे टिकून आहे. शेठचा नातू गल्ल्यावर बसतो. या दुकानाची खरी मालमत्ता म्हणजे लाल कापडात बांधलेली उधारीची वही. महिनाभर वहीवर माल न्यायचा आणि गिरणीचा पगार झाला की हिशेब करायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि पगाराची तारीखच नाहीशी झाली. शेठने काही महिने वहीवर माल दिला. त्यात त्याचा धर्म होता आणि हिशेबही होता, कारण गिऱ्हाईक मेले तर दुकान कसे जगणार? पुढे त्याचाही हात आखडला. मग आत्याबाई पापड लाटायला जाऊ लागल्या आणि आम्ही पोरे शाळा सुटल्यावर पिशव्या चिकटवू लागलो. संप कुणी मागे घेतला नाही. तो तसाच विरून गेला. आतोबांची गिरणी पुन्हा नीट चाललीच नाही.

जेवता जेवता आत्याबाईंनी एक गोष्ट सांगितली. ती आम्ही यापूर्वी कधी ऐकली नव्हती.

१९८४ च्या सुमारास आतोबांचा हिशेब होऊन फंडाचे पैसे हातात आले. त्याच वेळी कोळशाच्या वखारवाल्याला गाळा सोडायचा होता. घरोघरी रॉकेल आणि गॅस आल्यावर कोळसा घेणार कोण? तो वर येऊन आतोबांना म्हणाला, "तुम्ही घ्या. मालकाशी मी बोलतो." पैसे पुरेसे होते. आत्याबाई म्हणाल्या, घेऊ या, चटणी-मसाला विकू. आतोबा रात्रभर जागे राहिले आणि सकाळी म्हणाले, "आपल्या हातचे कोण घेईल?"

त्यांची भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेबांनीसुद्धा परदेशात शिकून आल्यावर, १९१७-१८ च्या सुमारास, याच मुंबईत शेअर्सच्या व्यवहारांवर सल्ला देणारी पेढी काढली होती. लोक येऊ लागले होते. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ते यायचे बंद झाले आणि पेढी मिटवावी लागली. एवढ्या मोठ्या विद्वानाचा नुसता सल्लाही ज्यांना चालला नाही, ते आपल्या हातचा मसाला घेतील काय, असे एका गिरणी कामगाराला वाटले तर त्यात नवल काय?

वखारीचा गाळा दुसऱ्याने घेतला. तिथे व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालली, मग एसटीडी-पीसीओ आला, पुढे झेरॉक्स आणि मग संगणकाचा क्लास. दर आठ-दहा वर्षांनी पाटी बदलली, पण गाळा ज्याच्या नावावर होता त्याची मुले त्या गाळ्याच्या उत्पन्नावर शिकली. आतोबांनी पैशातून शेठची उधारी फेडली आणि मुलीचे लग्न केले. आत्याबाई एवढेच म्हणाल्या, "उधारी फिटली, पण गिऱ्हाइकी काही सुटली नाही."

इथे वाचकांसाठी पागडीविषयी दोन शब्द सांगतो. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी जवळपास गोठवली. म्हणून मोक्याच्या रस्त्यावरचा गाळा आजही काही रुपयांच्या भाड्याने चालतो. भाडेकरू जागा सोडताना नव्याकडून पागडी घेतो आणि मालक त्यात आपला वाटा घेतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने अशी रक्कम घेण्याला मान्यताही दिली. दुसऱ्या बाजूला, एवढ्या भाड्यात मालक दुरुस्ती करीत नाही आणि इमारती खचत जातात. आता पुनर्विकास ३३ (७) या नियमाखाली होतो. त्यात जुन्या भाडेकरूला घरासाठी किमान ३०० चौरस फूट मिळतात आणि गाळेवाल्याला त्याच्या ताब्यात होती तेवढी जागा. परंतु जो केवळ लिव्ह अँड लायसन्सवर आहे त्याला काहीच मिळत नाही. म्हणून भाडेपावती कुणाच्या नावाची आहे हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः बायकांना, ठाऊक असले पाहिजे. आत्याबाईंनी पावत्या पत्र्याच्या पेटीत वर्षवार लावून ठेवल्या आहेत. आतोबा गेल्यावर त्यांनी पहिल्याच महिन्यात पावती स्वतःच्या नावावर करून घेतली. असे शहाणपण पुस्तकात मिळत नाही.

जेवण झाल्यावर आम्ही खाली उतरलो. रेशनच्या दुकानासमोर आजही रांग होती. १९९७ पासून गरीब आणि इतर अशी कार्डांची वाटणी झाली, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत झाले. पण आता वहीऐवजी यंत्रावर अंगठा लावावा लागतो. आयुष्यभर भांडी घासून आत्याबाईंच्या अंगठ्याच्या रेषा पुसल्या आहेत. त्यांना तीन-तीन वेळा अंगठा लावावा लागतो.

पिठाची गिरणी आणि वखार हे दोन गाळे आता एक झाले आहेत. काच आतून रंगवलेली, पाटी नाही, गिऱ्हाईक नाही. आम्हाला वाटले बंद पडले असेल. पण दारात दहा-बारा पोरे मोटारसायकली लावून उभी होती. मोबाईलवर मागणी आली की आत सामान पिशवीत भरतात आणि ही पोरे ते दहा मिनिटांत घरी पोहोचवतात. त्यात आत्याबाईंचा नातूही आहे. तो हसत म्हणाला, "काका, काल आपल्याच तिसऱ्या मजल्यावरून मिठाची ऑर्डर आली. खालून घेतले आणि जिना चढून दिले." आम्हीही हसलो, पण मनात आले की ज्या दुकानात गिऱ्हाइकाने पाऊल टाकायचे नाही, तिथे उधारी कोण देणार आणि संपात कोण ओळखणार? इमारत पाडली की हा गाळा दुसरीकडे जाईल. नातवाची नोकरी त्याच्यामागे जाईल की इथेच राहील, हे त्यालाही सांगता आले नाही.

मोठ्यांचेही काही कायम नसते. जवळच फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला, बिग बझार आला, तेव्हा शेठचे दुकान वर्षभरात बसेल असे सगळे म्हणत होते. २०२२ साली त्या मोठ्या दुकानांच्याच पाट्या उतरल्या. शेठचा नातू अजून साखर मोजतो आहे.

आणि आपल्यासारख्या कष्टकऱ्यांना धंदा जमत नाही हेही खरे नाही. नायगावच्या कामगारांनी १९४८ साली स्वतःचे ग्राहक भांडार काढले, त्यातून 'अपना बाजार' उभा राहिला. गिरणी कामगारांना डबे घालणाऱ्या खानावळवाल्या बाया शेठच्या उधारीत आणि व्याजात बुडालेल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. एकट्याला जे जमत नाही ते दहा जणींना जमते.

आमच्या सूनबाई बचत गटात मसाला करतात. मिरची लालबागच्याच बाजारातून नेतात. नव्या इमारतीत गाळा मिळेल काय, हे त्यांनी शेठच्या नातवाला विचारले. अनामतीचा आकडा ऐकून आम्ही गप्प झालो. सूनबाई मात्र कोळशाच्या वखारीच्या उंबरठ्यापासून पावले मोजू लागल्या. आठ पावले रुंद.

वर आल्यावर त्यांनी आत्याबाईंच्या हातात मसाल्याचे पाकीट दिले. आत्याबाईंनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिले आणि विचारले, "सूनबाई, इथे नुसते नाव आहे. आडनाव कुठे आहे?"

सूनबाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आत्याबाई, सोसायटीत विकायचे असते ना."

आत्याबाईंनी पाकीट मांडीवर ठेवले. "तुमचे आतोबाही हेच म्हणाले होते," एवढेच त्या बोलल्या. रागावल्या नाहीत.

परतीच्या गाडीत सूनबाई खिडकीशी बसल्या होत्या. डोंबिवली आली तरी त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेची पाकिटे छापून आली तेव्हा त्यांवर पूर्ण नाव होते. दोन घरांनी मागणी बंद केली. कारण त्यांनी सांगितले नाही आणि सूनबाईंनी विचारले नाही. बाकीची सारी घरे घेत आहेत आणि त्यानंतर तीन घरे नवी जोडली गेली. गटातल्या दहा जणी मिळून महात्मा फुले महामंडळाच्या कचेरीत कर्जाची चौकशी करून आल्या आहेत. गाळा लालबागला नाही तर कल्याणला का होईना, पण पावती आपल्या नावाची हवी, असे त्यांचे ठरले आहे.